ज्येष्ठमधाचा वास

निशिवाकीबाईंना अकरा वर्षं कसलाही वास येत नव्हता. एका तापानं त्यांचं नाक कायमचं बंद पडलं. सूप करपलं तरी धूर दिसेपर्यंत त्यांना पत्ता लागायचा नाही. आणि काम काय पत्करलं, तर ओसाकातल्या दोशोमाचीत, औषधांच्या जुन्या घाऊक पेठेत, हौशी लोकांना फिरवून गल्ल्या दाखवायचं. शनिवारी सकाळी दहाला बाई पुढं, निळं निशाण घेऊन मी शेवटी. मागं कोणी राहू नये, एवढंच माझं काम.

बाई चाळीस वर्षं तिथल्याच एका कंपनीत टेलिफोनवर होत्या. आवाज खणखणीत, जीभ अस्सल ओसाकाची.

"एवढं चालवलंत, पाय दुखायचं औषध तरी फुकट द्या की!" कोणी म्हणालं, की त्या म्हणायच्या, "इथं सगळं घाऊक मिळतं. आधी दुखणं पोतंभर आणा."

पण माहितीच्या बाबतीत बाई कडक. ग्रंथालयात बसून त्यांनी वह्या भरल्या होत्या. वाचलं नाही ते बोलायचं नाही, हा नेम.

त्या ऑक्टोबरात औषधांच्या देवाचं देऊळ दाखवून आम्ही निघालो. वाटेत दोन कचेऱ्यांच्या मध्ये सहा गाड्यांपुरतं पार्किंग आहे. तिथं सांगण्यासारखं काही नाही, म्हणून आम्ही कधी थांबत नसू. बाई थांबल्या.

"होरी-सान, ज्येष्ठमध," त्या मला म्हणाल्या.

"काय?"

"वास येतोय. ज्येष्ठमध, आणि मागं दालचिनी."

मला फक्त तापलेल्या डांबराचा येत होता. मी हसणार होतो, पण बाईंचा चेहरा पाहून हसू आवरलं.

त्या लोकांकडं वळल्या आणि नेहमीच्याच आवाजात सांगू लागल्या. "इथं दार होतं. उंबरठा मधोमध झिजलेला. आत डाव्या हाताला चाळणीपुढं एक मुलगी बसलीय. असेल तेरा-चौदा वर्षांची. काड्या निवडतेय. भुवईत खोक आहे तिच्या."

'होतं'चं 'आहे' कधी झालं, ते त्यांना कळलं नाही. माझ्या मात्र ते लक्षात आलं. लोक रिकाम्या जागेचे फोटो काढत होते. एक म्हातारा तेवढा हलला नाही.

"ती खोक माझ्यामुळे पडली," तो म्हणाला. "मी भोवरा फेकून मारला होता. ती माझी ताई. हात्सुए."

त्यांचं नाव कुवाबारा. दुसऱ्या महायुद्धात, १९४५च्या मार्चमध्ये ओसाकावर झालेल्या बॉम्बफेकीआधी आठवडाभर त्यांना, पाच वर्षांच्या पोराला, नारा शहराजवळच्या आजोळी धाडलं होतं. ताई दुकानात मदतीला राहिली. दुकान जळालं. तिचं काही सापडलं नाही.

घरी जाऊन बाईंनी एकूण एक वही उलटली. दुकानाचा उल्लेख नाही, मुलीचा नाही. फोनवर त्यांचा आवाज बारीक झाला होता. "होरी-सान, मी वाचलं नाही. मग मला सांगितलं कोणी?"

पुढच्या गुरुवारी कुवाबारा आजोबांनी आम्हा दोघांना त्याच पार्किंगपाशी बोलावून घेतलं. दुपारचे बारा, कचेऱ्यांतली माणसं जेवायला बाहेर पडलेली. बाई यायला तयार नव्हत्या, मीच गळ घातली. याबद्दल मला आजही अपराधी वाटतं.

"आहे का हो ती?" आजोबांनी विचारलं.

"आहे. निवडतेय."

"माझ्याबद्दल काही म्हणते?"

बाईंनी पुढं वाकून कान दिला. "धाकटा कुठाय, असं विचारतेय सारखी. मी तुमच्याकडं बोट दाखवलं. तर म्हणते, हा नव्हे. तो एवढासा आहे."

आजोबांनी टोपी काढली. मग गुडघे धरत, कण्हत, ते दोन गाड्यांच्या मध्ये उकिडवे बसले. मान खाली घालून अगदी लहान झाले. शेजारून जाणाऱ्या टायवाल्यांनी वाट वाकडी केली. "ताई," ते म्हणाले, "मी आलो."

बाईंनी माझी बाही घट्ट धरली.

थोड्या वेळानं आजोबा उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "चला, भूक लागली." आम्ही उदोनच्या जाड शेवया खाल्ल्या. ते मजेत होते.

त्यांना स्टेशनवर सोडल्यावर मी बाईंना विचारलं, काय झालं?

"ती उठून बाहेर आली. पोराचा हात धरला, आत घेऊन गेली."

"कुठलं पोर? आजोबा तर आपल्याबरोबर आले!"

"जे उरलं ते आलं," बाई म्हणाल्या. "आणि वास गेला."

मी मनावर घेतलं नाही. म्हाताऱ्याच्या समाधानासाठी बाईंनी रचलं असेल, असं ठरवून टाकलं.

मार्चमध्ये कुवाबारा सुनेबरोबर पुन्हा फेरीला आले. तब्येत छान, गाल भरलेले. आम्हाला मात्र ओळखलं नाही. वय झालं की होतं असं. सून मला हळूच म्हणाली, "झोपेत कुणाला तरी ताई म्हणून हाका मारायचे, त्या थांबल्या बघा. आता विचारलं तर म्हणतात, मी एकुलता एक."

पार्किंगपाशी आल्यावर आजोबांनी पुढं होऊन विचारलं, "बाई, इथं पूर्वी काय होतं हो?"

निशिवाकीबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"नोंद नाही," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.