तांबूलाच्या पिशवीतली धामण

आमच्या साप-प्राणी वाचवणाऱ्या मंडळाचा इतिहास लिहा म्हणून सगळे माझ्या मागे लागलेत, कारण सुरुवातीची माणसं गेली आणि मी उरले. मी चौथी शिकले आहे. जमेल तसं लिहिते.

मंडळ माझ्या नवऱ्याच्या खुळातून निघालं. म्हैसूरच्या कडेला हूटगळ्ळीला नवी घरं व्हायला लागली. पाया खणला की साप निघायचा आणि लोक काठ्या घेऊन धावायचे. हे आणि यांचे दोन मित्र स्कूटरवरून जायचे, साप पकडून झाडीत सोडायचे. साप ठेवायला कापडी पिशवी लागते. इथे म्हैसूरला प्रत्येक लग्नात पाहुण्यांना तांबूल, म्हणजे नारळ आणि विड्याची पानं, नाडीच्या पिशवीत घालून देतात. घरोघर त्या पिशव्यांचा ढीग असतो. मंडळाचं काम त्यावरच भागायचं.

आमच्या लेकीच्या लग्नात अक्षता पडल्या आणि यांना हूटगळ्ळीहून फोन आला. मी नको म्हणाले, हे गेलेच. पंगत उठायच्या आत धामण घेऊन परतले आणि वरात निघाली की सोडून येतो म्हणून पिशवी मांडवातल्या टेबलाखाली ठेवली. तांबूल वाटायचं टेबल नेमकं तेच. वाटायला माझी नणंद बसली होती. तिने सगळ्यात जड पिशवी बघून मानाने विहीणबाईंना दिली.

वऱ्हाडाची गाडी त्यांच्या गावी, एच. डी. कोटेला निघून गेल्यावर यांनी टेबलाखाली पाहिलं, तर पिशवी नाही; कोणाला दिली ते नणंदेने सांगितलं. धामण विषारी नसते, पण चावते. लेकीच्या सासूने पहिल्याच दिवशी त्या पिशवीत हात घातला असता तर लेकीचं सासर आणि यांचं मंडळ, दोन्ही बुडालं असतं. हे विहीणबाईंना फोन लावून नुसतं अहो, म्हणजे, असं करत राहिले. मी फोन ओढून घेतला.

“विहीणबाई, तुमच्या पिशवीत हात घालू नका. आत साप आहे.”

 त्यांनी पलीकडून विचारलं, “आणि माझा नारळ?”

“नारळ घेऊन येते.”

आम्ही दोघं स्कूटरवरून पोचलो तेव्हा गाडी रस्त्याकडेला थांबली होती. शालू नेसलेल्या विहीणबाई पिशवी हात लांब करून धरून उभ्या होत्या. चालकासकट सगळं वऱ्हाड पलीकडच्या शेतात गेलं होतं. लेक तेवढी गाडीत बसून हसत होती. विहीणबाईंनी पिशवी यांच्या हातात दिली, धामण झाडीत जाईपर्यंत बघत राहिल्या, मग नारळ मागून घेतला. आता त्यांच्या तालुक्यातले फोन त्याच घेतात आणि मंडळाच्या पोरांना कामाला लावतात.

आमचं घराणं रंगाऱ्यांचं. दुसऱ्याच दिवशी मी रंगाचं पातेलं चुलीवर चढवलं आणि मंडळाच्या सगळ्या पिशव्या काळ्या करून टाकल्या. काळी पिशवी लग्नात कोणी कोणाला देत नाही. अजूनही त्या मीच रंगवते.