पाठमोरी

कलेला जात नसते. हे वाक्य मी पहिल्यांदा नोएडातल्या एका स्टुडिओत ऐकलं. ते म्हणणाऱ्या बाईंनी नुकतंच माझं आडनाव विचारलं होतं.

मी नऊवारीत उभी होते. हातात लाकडी तलवार, तिला चंदेरी रंग. केबल टीव्ही नुकताच घरोघर पोचला होता, रोज नवं चॅनल निघत होतं आणि प्रत्येक चॅनलला एक इतिहास हवा होता. आमच्या हिंदी मालिकेत एक मराठा राणी होती. तिचं राज्य नेमकं कुठं होतं हे लेखकालाही ठाऊक नव्हतं, पण नथ चुकीच्या बाजूला जाऊ नये म्हणून मराठी संस्कृतीच्या सल्लागार नेमल्या होत्या. त्या या बाई. आजोबांपासून दिल्लीत, स्वच्छ पुणेरी मराठी, हातात चष्म्याची डबी.

राणी मी होणार होते. दिग्दर्शकानं ऑडिशनला माझी कराटेची लाथ पाहिली आणि म्हणाला, "बस, यही चाहिए." नंतर बाईंचा फोन आला. "संवाद नीट पाठ करून ये हं." मी पाठ केले. बाबा समोर बसून ऐकायचे. ते सरकारी गेस्ट हाऊसमध्ये स्वयंपाकी होते, आम्ही मागच्या क्वार्टरमध्ये राहायचो. आठवड्याभरात राणीचे संवाद बाबांनाही पाठ झाले. फोडणी घालताना म्हणायचे.

आणि आता बाई मला पहिल्यांदा समोर पाहत होत्या.

"आडनाव काय गं तुझं?"

सांगितलं. इथं लिहीत नाही. वाचून ज्यांना काही ठरवायचं आहे त्यांची सोय मी कशाला करू?

"मूळ गाव?"

"नांदेडकडचं."

"वडील?"

"गेस्ट हाऊसमध्ये. किचनमध्ये."

"अच्छा."

दिल्लीत 'अच्छा'चे पुष्कळ अर्थ होतात. हा दार लावून घेतानाचा होता. तोवर या शहरात माझ्या आडनावावरून कुणाला काही कळत नसे. पंजाब्यांना आम्ही सगळे सारखेच, 'महाराष्ट्रियन'. माझं आडनाव वाचायला मराठी माणूसच लागला.

बाई दिग्दर्शकाकडे वळल्या. "फाइट बढ़िया है. पर फेस में वो राजघराना नहीं है." मग मला मराठीत, समजुतीनं: "कलेला जात नसते गं, बिल्कुल नसते. पण चेहऱ्याला घराणं लागतं." आणि परत त्याला, अर्धं मराठीत: "इसे पाठमोरी लीजिए."

मला शब्द कळला नाही. दिल्लीत वाढलेल्या पोरांचं मराठी असंच, घरात लागतं तेवढं. मोरी मला माहीत होती. आमच्या क्वार्टरमध्ये होती, तिथं मी भांडी घासायचे. मला वाटलं, मोरीवरचा एखादा सीन आहे.

"मोरी कुठंय, मॅडम?" मी विचारलं.

बाई हसल्या. मेकअपवाली हसली, तिला मराठी येत नव्हतं तरी. "बघा," बाई म्हणाल्या, "भाषासुद्धा नाही. आणि राणी व्हायचंय."

दुपारी गुडगावच्या नव्या टॉवरमधून एक मॉडेल आली. तिला तलवार नीट धरता येत नव्हती, पण चेहऱ्याला घराणं होतं. ते घराणं सिमेंटच्या धंद्यातलं आहे असं नंतर कळलं. मुलगी वाईट नव्हती. मला म्हणाली, "यार, सॉरी. तू इतना अच्छा मारती है." मग ती बोलायची आणि मी मारायचे. माझी फक्त पाठ दिसायची.

घरी बाबांना सांगितलं. "पाठमोरी म्हणजे काय?"

"पाठ फिरवून उभी," ते म्हणाले.

"मग तोंड नाही दिसणार, बाबा. तोंड दुसरीचं आहे."

बाबा कणीक मळत होते. थांबले नाहीत. "हिरोइनला आधी पाठमोरीच दाखवतात," म्हणाले. "मग वळते."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मग मी सोडून दिलं.

कराटे मला सरकारी शाळेतल्या सरांनी शिकवलं. बाकीच्या मुली स्वसंरक्षणासाठी यायच्या, मी नाश्त्याला केळं मिळायचं म्हणून. सर दोनच गोष्टी सांगायचे. एक, "पीठ दिखाई तो मैच गया." दुसरी गोल फिरून मारायच्या लाथेबद्दल. त्या लाथेत क्षणभर पाठ फिरवावीच लागते. म्हणून मान आधी वळते, अंग नंतर. आधी बघायचं, मग मारायचं.

सेटवर उलटं होतं. मान वळली की माझं तोंड दिसायचं. "गर्दन मत घुमाओ!" दिग्दर्शक ओरडायचा. म्हणून अंग फिरवायचं आणि मान मागेच ठेवायची. न बघता मारायचं. महिन्याभरात कंबरेच्या वर काहीतरी सरकलं. ते अजून जागेवर आलेलं नाही.

पहिला भाग लागला त्या संध्याकाळी बाबांनी मला गेस्ट हाऊसच्या जेवणघरात बोलावलं. जेवणघरात टीव्ही होता. मुंबईहून आलेले साहेब जेवत होते. मी किचनच्या दारात उभी राहिले. बाबांनी इस्त्रीचा पांढरा कोट घातला होता. एरवी तो मंत्री आले की निघायचा.

राणी आली. पाठमोरी. चार जणांना लोळवलं. बाबा डाळीचं भांडं घेऊन उभे होते. ते मोठ्यानं म्हणाले, "साहेब, ही माझी मुलगी."

साहेबांनी घास थांबवून पाहिलं. राणी वळली. गुडगावचं तोंड.

मग एक साहेब म्हणाले, "काय हो, मुलगी वळताना बदलली की काय?" सगळं टेबल हसलं. दुसऱ्यानं विचारलं, "आईवर गेली वाटतं?" पुन्हा हसले.

माझी आई मी लहान असतानाच गेली होती.

बाबा टीव्हीकडे बघत राहिले. पुन्हा पाठमोरी होईल म्हणून असेल. मग म्हणाले, "डाळ वाढू, साहेब?"

वाढली. सगळ्यांना वाढली. एक थेंब सांडला नाही. किचनमध्ये आल्यावर त्यांनी कोट काढला, घडी घातली आणि मला म्हणाले, "पाठ छान दिसली." त्यानंतर राणीचे संवाद त्यांनी कधी म्हटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नोएडात त्याच लाथेचा शॉट होता. कॅमेरा मागे. ॲक्शन. मी फिरले, आणि सरांनी शिकवलं तसं, मान आधी वळली. मी सरळ कॅमेऱ्याच्या काचेत पाहिलं. लाथ नेमकी बसली. किती दिवसांनी बघून मारली होती.

"कट! गर्दन!"

पुन्हा. पुन्हा मान आधी.

"पागल है क्या? फिर से!"

पुन्हा तेच. या वेळी मी थांबले, कॅमेऱ्याकडे तोंड करून राणीचा संवाद म्हटला. "नज़र उठाओ. सामने हम हैं." लेखकानं हे वाक्य लिहायला फार कष्ट घेतले नसावेत. पण बाबा ते जिऱ्याच्या फोडणीवर म्हणायचे, आणि तेव्हा ते बरं वाटायचं.

बाई खुर्चीतून उठून आल्या. "अगं, तुला काय सांगितलंय? पाठ!"

"पाठ आहे, मॅडम," मी म्हटलं. "सगळं पाठ आहे. तुम्हीच फोन केला होता."

आणि पुढचं सगळं म्हटलं. दरबाराचा प्रसंग, किल्ल्याचा, मरणाचा. कुणीतरी दिवे बंद केले. मी अंधारात म्हणत राहिले. मरणाचा प्रसंग संपल्यावर तलवार टेबलावर ठेवली. बाई दिग्दर्शकाला म्हणाल्या, "मैंने पहले ही दिन कहा था." ते खरं होतं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्या दिवसापासून मी कुणासाठी पाठमोरी उभी राहिलेले नाही. नाव सांगते, आडनावासकट, विचारायच्या आत. समोरचा 'अच्छा' म्हणाला की कुठला अच्छा, ते विचारते. यामुळे माझं काय झालं असं लोक विचारतात. छोटी कामं झाली, नाटकं झाली, बरीचशी झाली नाहीत. मागच्या गणपतीत दिल्लीतल्याच द्वारकेच्या एका मंडळानं 'उदयोन्मुख अभिनेत्री' म्हणून माझा सत्कार केला. मी पन्नाशीला आले आहे. शब्दात निदान मुख आहे. शाल मात्र पाठीवरच घालतात.

बाबांनी ते पाहिलं नाही. ते गेले तेव्हा मी पडद्यावर अजून वळायचीच होते. मी वळेन तेव्हा बघायला ते नसतील. तरीही मी वळणार, आणि मान आधी वळणार. ही एवढी एक गोष्ट माझ्या हातात आहे, ती मी कुणाच्या घराण्याला देणार नाही.

सत्कारानंतर एका एजन्सीचा फोन आला. पाठदुखीच्या मलमाची जाहिरात. मी विचारलं, तोंड दिसेल का?

"मैडम," पलीकडचा मुलगा म्हणाला, "दर्द तो पीठ में होता है ना."

मी नाही म्हटलं. मलम चांगलं आहे. मी रोज लावते.