जाणूनबुजून नासवलेलं दूध

पुष्पलताच्या हाताला चव होती. बोईसरच्या कारखान्यांतली अकरा माणसं सरावली गावात तिच्या ओसरीवर दोन्ही वेळेला जेवायला बसत, आणि तिच्या पानात खोट काढायची कोणाची छाती नव्हती. कोणी भाजी टाकली तर ती त्याच्याकडे नुसतं बघायची. पुढच्या वेळी तो मुकाट्याने ताट चाटूनपुसून उठायचा.

मूळची ती किनाऱ्याकडच्या वाडीवाल्यांची. नवरा नरहरी अठ्ठ्याहत्तर साली वाडी धाकट्या भावाच्या, कमलाकांतच्या हवाली करून कारखान्यात लागला, तेव्हा तिने बिऱ्हाडाबरोबर एक म्हैसही आणली. नोकरीचा भरवसा नाही, म्हैस कोणाला उपाशी ठेवत नाही, असं तिचं म्हणणं. नरहरी हसायचा. माणूस मुळातच हसरा आणि खाण्याचा भारी शौकीन.

अशा बाईच्या नवऱ्याचंच जेवण तुटावं, याला काय म्हणायचं? सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर नरहरीचे डोळे पिवळे झाले. जन्मात ताडीच्या थेंबाला न शिवलेला माणूस, पण मुंबईच्या डॉक्टरांनी यकृत गेलं म्हणून सांगितलं. पुष्पलताला बाजूला घेऊन ते म्हणाले, "पोटात अन्न जात राहिलं तर दिवस काढतील. पथ्यबिथ्य राहू दे. खातील ते द्या."

खातील ते! सातपाटीच्या बोंबलावर ज्याचा जीव, त्याला आता मासळीच्या नुसत्या वासाने उमळून यायचं. तिने पेज करून पाहिली, मुगाचं कढण केलं, केळफुलाची भाजी केली. दोन घास घेऊन तो पान सारायचा आणि वर तिचीच समजूत घालायचा, "तुझ्या हाताला नाय गं, माज्या तोंडाला चव नाय." अकरा परकी माणसं ओरपून जेवताहेत आणि आपला माणूस रिकाम्या पोटी भिंतीला टेकून बसलाय, हे बघून तिचा जीव तुटायचा.

वाट काढली ती बलदेवने. हा पंजाबकडचा फिटर, शेजारच्याच खोलीत भाड्याने राहणारा. एका रविवारी कमलाकांतने वाडीतल्या ढोबळी मिरच्यांची टोपली पाठवली होती. बलदेवने त्यातल्या चार उचलल्या आणि सरळ चुलीच्या निखाऱ्यात घातल्या. साल काळीठिक्कर पडेपर्यंत भाजल्या, पातेलं पालथं घालून झाकून ठेवल्या आणि मग बोटांनी सोलल्या. आतला गर मऊसूत निघाला, धुराचा वास लागलेला. मग त्याने डेअरीचं दूध उकळलं आणि त्यात लिंबू पिळलं. दूध फाटलं. ते त्याने पंच्यात गाळलं आणि तो आंबूस, पांढरा चुरा मीठ, कोथिंबीर आणि पातीचा लसूण घालून मिरच्यांत कालवला.

दूध फाटताना बघून पुष्पलता जागची उठली होती. "आमच्यात जाणूनबुजून दूध नासवत नाय," ती म्हणाली. "दावणीला म्हैस असताना तर नायच नाय. म्हशीच्या पोराच्या मुळावर येतं ते."

सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्या महिन्यातच तिला हे बजावलं होतं. सासूबाई वारून सहा वर्षं झाली होती, पण त्यांचे नियम अजून घरात नांदत होते.

"भाभी, ये तो डेअरी का दूध है। आपकी भैंस को क्या पता?" बलदेव म्हणाला आणि त्याने वाटी नरहरीपुढे ठेवली.

नरहरीने बोटाने चाखलं. मग एक घास घेतला, मग दुसरा. अख्खी वाटी आणि वर अर्धी चपाती खाऊन तो म्हणाला, "पुष्पा, याची चव लागते गं मला!" ती आत जाऊन पदरात तोंड खुपसून रडली. दीड महिन्यात पहिल्यांदाच त्याने काहीतरी चवीने खाल्लं होतं.

मग ते रोजचंच झालं. बलदेव आपल्या खोलीत दूध फाडायचा आणि ती मिरच्या भाजायची. आपल्या हाताने नासवायचं नाही, एवढं पाळलं की झालं, अशी तिने मनाची समजूत घातली होती. पण पौष सरता सरता बलदेव बहिणीच्या लग्नासाठी महिनाभर गावी गेला. दोन दिवस नरहरी पुन्हा पेजेवर आला आणि दोन्ही दिवस पेज तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी तिने आपणच दूध फाडायचं ठरवलं, तर डेअरीचं दूध आलंच नाही. तिने आपल्या म्हशीचं दूध चुलीवर ठेवलं, देवाला हात जोडले आणि लिंबू पिळलं.

म्हशीचं दाट दूध ते. चुरा असा लुसलुशीत झाला की नरहरी म्हणाला, "बलदेवला सांग, गुरूची विद्या गुरूला फळली." नऊ दिवस तो पोटभर जेवला. एका सकाळी काठी टेकत गोठ्यापर्यंत गेला आणि महिन्याभराच्या रेडकाला खाजवून आला.

दहाव्या दिवशी ते रेडकू पांढरं हगू लागलं. बाराव्या दिवशी पहाटे दावणीला मरून पडलेलं सापडलं.

पुष्पलताने काय ते ओळखलं. आपण केलं, आपण ओढवून घेतलं! आज रेडकू गेलं. उद्या कोणाचा नंबर, हे तिला कोणी सांगायला नको होतं. घरात जाणारा जीव एकच होता. म्हैस पान्हा चोरून हंबरत होती, आणि तिने चुलीपुढे बसून शपथ घेतली की आता या घरात दुधाला लिंबू लागणार नाही. आपल्या म्हशीच्या नाही, डेअरीच्याही नाही.

दुपारी तिने पेज पुढे केली. नरहरीने वाटीकडे पाहिलं. "ते नाय केलंस?"

"नाय. आता नाय करायची मी."

"का गं?"

"तुमी जगावं म्हणून," असं तिच्या ओठावर आलं होतं. पण मरणाचं नाव त्याच्यासमोर कसं काढायचं? ती म्हणाली, "मिरच्या संपल्या." मिरच्या सुपात दिसतील अशाच पडल्या होत्या. त्याने वाटी बाजूला सारली. आठवड्याने, अंथरुणातून उठणं बंद झाल्यावर, त्याने एकदाच पुन्हा विचारलं, "थोडंसं होईल का गं?" तिने मान फिरवली. "असू दे," तो म्हणाला. त्यानंतर पाचव्या दिवशी तो गेला.

सुतकातच जनावरांचा डॉक्टर म्हैस बघायला आला. रेडकू कसं गेलं ते त्याने विचारलं. पांढऱ्या हागवणीचं ऐकून म्हणाला, "जंत झाले असणार बाई. म्हशीच्या पिल्लांना होतातच. जन्मल्यावर पंधरा दिवसांत औषध पाजायचं असतं. कोणी सांगितलं नाही?"

सासूबाईंनी इतकं सगळं सांगितलं होतं, तेवढंच सांगायचं राहून गेलं होतं.

दहाव्याला नदीवर पिंड मांडला. शेजारच्या पानावर तळलेला बोंबील, भजी, चहाचा कप असं सगळं त्याच्या आवडीचं ठेवलं. कावळे झाडावर बसून होते, एकही खाली उतरेना. कमलाकांत हात जोडून म्हणाला, "दादा, वाडी मी बघीन. वहिनीला अंतर नाय देणार." कावळा शिवला नाही. कोणी म्हणालं, म्हशीत जीव अडकला असेल. कोणी म्हणालं, खानावळीत. पुष्पलता बायकांत खाली मान घालून बसली होती. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेव्हा ती एकदम उठून उभी राहिली.

"थांबा," ती म्हणाली. "त्यांचा जीव कशात हाय ते मला ठाऊक हाय."

सगळे तिच्याकडे वळले. कमलाकांतने हळूच विचारलं, "काय हवं होतं दादाला? सांग वहिनी, आमी आणू."

"दूध फाडून मिरचीत कालवलेलं. दोनदा मागितलं त्यांनी," पुष्पलता म्हणाली. "घरात दूध होतं, लिंबू होतं, मिरच्या होत्या. मी दिलं नाय."