आक्काची न मोजलेली फेक

आमच्या आक्कानं उभ्या आयुष्यात एकच वस्तू दुसऱ्याच्या हातात दिली. बाकी सगळं फेकलं. आक्का म्हणजे माझी थोरली चुलतबहीण. नेसरीच्या आमच्या घरात चिमटा, कांदा, गुळाचा खडा, जे मागाल ते हवेतून यायचं आणि नेमकं तळहातावर यायचं, त्यामुळे तक्रारीलाही जागा नसायची. पुढे कोल्हापुरात शिकायला गेल्यावर शाळेतल्या बाईंनी तिच्या हाती भाला दिला, तेव्हा सुटकेचा निःश्वास सोडला तो आमच्या चुलतीनं. निदान भांडी तरी वाचली.

भाला घरचाच माणूस झाला. एसटीत तो आडवा मावेना आणि उभा राहीना. एकदा कंडक्टर म्हणाला, "टपावर टाका त्याला." आक्का निमूटपणे मागची शिडी चढू लागली. "अवो, तुमी कुठं?" "त्यो टपावर, तर मीबी टपावरच बसतो की." शेवटी भाला उतारूंच्या पायांपाशी लांबच्या लांब झोपून गडहिंग्लजला पोचला. अंतरही ती फेकींतच मोजायची. कुणी वाट विचारली की सांगायची, "पावणं, सरळ जावा. तीन फेकींवर पिठाची गिरण लागंल." पाहुणा वाट सोडून हिच्याकडेच बघत राहायचा.

घरात भालाफेकीतलं कुणालाच ओ की ठो कळत नव्हतं. तिचे वडील, आमचे तात्या, जुने पैलवान. त्यांनी तिला तालमीचाच खुराक सुरू केला: बदाम, तूप, धारोष्ण दूध. खेळाचा नियमही त्यांना एकच ठाऊक, समोरच्याची पाठ लागली की कुस्ती संपली.

सत्तरच्या दशकात भारतीय संघाची निवड चाचणी कोल्हापुरातच झाली. आक्का परदेशी जाणार की नाही, ते त्या दुपारी ठरायचं होतं. ट्रक भरून गाव आलं, हलगीसकट. आक्काचा पहिलाच भाला सगळ्यांच्या पुढे जाऊन रुतला. तात्यांच्या हिशेबी कुस्ती झाली. हलगी कडाडली, गाव मैदानात घुसलं, चौघांनी आक्काला खांद्यावर घेतलं, आणि कुणा उत्साही माणसानं भाला उपटून मानाच्या गदेसारखा तिच्या हाती दिला. टेप घेऊन आलेले पंच मोजणार काय? भाला टेकल्याची खूण चपलांखाली कधीच गेली होती. वरून आक्का ओरडत होती, "तात्या, खाली सोडाय सांगा त्यास्नी. अजून मोजली न्हाय."

पंचांनी ती फेक बाद केली. पुन्हा कुणी रेषेच्या आत आलं तर पोरगीच बाद, असंही बजावलं. त्या धसक्यानं आक्काच्या पुढच्या फेकी तोकड्या पडल्या. शेवटची फेक उरली, तेव्हा तात्यांनी अख्ख्या गावाला मांडी घालून बसवलं आणि हलगी स्वतः काखेत धरली. भाला सुटला, लांब गेला, रुतला. एक माणूस हलला नाही. पंचांनी टेप लावली, आकडा पुकारला, आणि आक्काचं नाव संघात गेलं.

"हां," तात्या म्हणाले, "आता सोडा श्वास." इतकं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

आक्का पुढे बरीच वर्षं देशासाठी खेळली. पहिल्यांदा परदेशाहून परतली, तेव्हा तात्यांनी विचारलं, "कशी झाली फेक?"

"बेस झाली. आजवरची सगळ्यात लांब." मग तिनं पिशवी मांडीवर ओढली. "भाला रुतला तसं मागं वळून बघितलं. कोण धावत आलं न्हाय, तात्या."

तात्यांचे गुडघे तोवर गेले होते. त्यांनी डोक्यावरचा फेटा काढून तिच्या डोक्यावर ठेवला. "आता उचलवत न्हाय गं तुला," म्हणाले.

आक्कानं पिशवीतून पदक काढलं. सवयीनं आम्ही सगळे थोडे मागे सरकलो. ती उठली, तात्यांपाशी गेली आणि ते त्यांच्या हातात दिलं.