ताईंनी न ठेवलेली चोरवाट

नको ते कोणी मागितलं की ताई चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "नाही. आता चहा घ्या."

नकार आधी, चहा मागून. बहुतेक लोक आधी चहा पाजतात, मग गोल गोल बोलतात आणि शेवटी "पाहू" म्हणतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. ताईंचं उलटं होतं. एकदा एक गृहस्थ सुनेचा मोबाइल घेऊन आले. ती कुठं जाते, कोणाशी बोलते, ते आपल्या मोबाइलवर गुपचूप दिसावं, एवढंच त्यांना हवं होतं. ताईंनी चष्मा वर केला. गृहस्थांनी चहा घेतला, बिस्किटाला हात लावला नाही, आणि गेले.

आमचं ऑफिस यवतमाळला आर्णी रोडवर, एका कृषी केंद्राच्या माडीवर होतं. खालून औषधांचा वास यायचा. ताई मूळच्या पांढरकवड्याच्या. हैदराबादची नोकरी सोडून परत आल्या आणि त्यांनी बायकांसाठी एक ॲप तयार केलं. घरी मारहाण होत असेल, कोणी धमकावत असेल, तर बाईनं त्यावरून समुपदेशकाशी बोलावं, बायकांनी आपसात बोलावं. नाव सांगायची गरज नव्हती. बोलणं दोन मोबाइलांच्या मध्ये कुणालाही वाचता येत नसे. मी ॲप तपासायचे, अडलेल्यांचे फोन घ्यायचे. मी एकदा म्हटलं, "आपल्याला तरी दिसायला हवं ना, ताई?"

"काहून? आपण काय त्याईच्या सासवा हाओ?"

त्या उन्हाळ्यात राजूरकडच्या बायका कोळशाच्या धुळीविरुद्ध रस्त्यावर बसल्या. त्यांचं सगळं ठरलं होतं आमच्या ॲपवर. आठवड्याभरात एक सरकारी साहेब माडी चढून आले. बोलणं अगदी गोड. पुढच्या अपडेटमध्ये एक छोटीशी चोरवाट ठेवा, म्हणाले. आम्ही तिथून आत डोकावू. वापरणाऱ्यांना पत्ता लागणार नाही.

"कोणालाही कळणार नाही, मॅडम."

"मले कळन ना, साहेब."

साहेब हसले. ताई हसल्या नाहीत. "कोर्टाचा हुकूम आणा," त्या म्हणाल्या. "एखाद्याबद्दल माह्याकडं जे असन ते देते. पण सगळ्याईच्या घरात मागून शिरायची वाट मी नाही ठेवत." आणि चहा मागवला. साहेबांनी तो घेतला नाही.

मग एकेक सुरू झालं. बाजार समितीच्या प्रोग्रामचं काम आमच्याकडं होतं, त्यावर ऑफिसचं भाडं निघायचं; ते हातातून गेलं. घरमालक जिन्यात भेटला की मान खाली घालू लागला. ताईंचे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते, त्यांची बदली थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, उमरखेडकडं झाली. त्या दिवशी ते ऑफिसात आले. आता नवराबायकोचं वाजणार, असं मला वाटलं. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "तिकडं केळी लय चांगली भेटते म्हणते." ताईंनी पदरानं डोळे पुसले. ऑफिसात मी त्यांना रडताना पाहिलं ते एवढंच.

शेवटी साहेबांनी त्यांना आपल्या कार्यालयात बोलावलं. मी सोबत गेले. या वेळी साहेबांचा आवाज चढलेला होता. देशाच्या सुरक्षेपासून ताईंच्या कुटुंबापर्यंत सगळं निघालं.

"लिहून द्या," ताई म्हणाल्या.

"अशा गोष्टी लिहून देत नसतात."

"मंग करतही नसतात."

बाहेर येऊन त्या पायरीवर बसल्या. माझी बाटली घेतली आणि घटाघटा पाणी प्याल्या. "या साहेबानं तं चहाही नाही विचारला," म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. मलाही हसू आवरेना. दारावरचा शिपाई आमच्याकडं बघत राहिला.

त्याच दुपारी त्यांनी स्वतःच्या आवाजात निरोप रेकॉर्ड केला आणि ॲपवरच्या प्रत्येकीला पाठवला. पांढरकवड्याच्या एका मैत्रिणीनं तोच गोंडीत सांगितला. "बायांनो, तुमच्या बोलण्यात चोरून शिरायची वाट आमाले मागितली. आमी नाही म्हटलं. उद्या अपडेट आलं अन् त्यात काय बदललं हे सांगतलं नसन, तर घेऊ नका. माह्या नावानं आलं तरी घेऊ नका." प्रोग्रामही त्यांनी सगळ्यांसाठी खुला केला. ज्याला शंका असेल त्यानं ओळ न् ओळ वाचावी.

महिन्याभरात ॲपवर बंदी आली. कारण कुणी सांगितलं नाही. पण तोवर दुसऱ्या राज्यातल्या काही मुलींनी तो खुला प्रोग्राम उचलला होता. आज तो वेगळ्या नावानं चालतो, आणि आमच्या समुपदेशक बाई त्याच्यावरच बोलतात.

दिवाळीच्या आधी ताईंनी ऑफिस आवरलं. टेम्पोत सामान चढत असताना एक बाई सीताफळांची पिशवी घेऊन जिना चढून आली. राजूरहून आले, म्हणाली.

"ताई, त्याईनं माहं नाव विचारलं व्हतं काय?"

"विचारलं असतं तरी काय सांगतलं असतं? मलेच माहीत नाही."

बाईचा चेहरा उजळला. "मंग आता सांगू?"

"नोको सांगू," ताई म्हणाल्या, आणि तिच्या हातातली पिशवी घेतली.

बस मिळेपर्यंत सोबत करते म्हणून त्या तिच्याबरोबर खाली उतरल्या. मी गॅलरीतून पाहत होते. उन्हात दोघी रस्ता ओलांडून गेल्या, मोठमोठ्यानं बोलत. ताई संध्याकाळच्या गाडीनं उमरखेडला गेल्या. त्या बाईचं नाव आम्हा दोघींनाही कधी कळलं नाही.