बाईंनी बोलणं कमी केलं

"पंखा बंद करा हो," बाई म्हणायच्या, आणि ऐन मे महिन्यातही मी मुकाट्याने उठून बटण दाबायचो. पंखा खडखडायचा. तो थांबला की खालच्या बुधवार पेठेतला गलका तेवढा वर यायचा. बाई चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या आणि बोलायला लागायच्या.

आमचं कुटुंब सल्ला केंद्र दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. घरातलं भांडण कोर्टात जाण्याआधी लोक आमच्याकडे यायचे. मी तिथला लेखनिक, बाई समुपदेशक. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत, म्हणून मीही इथे तेवढंच म्हणतो.

छान बोलणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पुण्यात त्यांना तोटा नाही. पण बाई बोलायला लागल्या की लिहिता लिहिता मी ऐकतच राहायचो.

एकदा एक निवृत्त अधिकारी आले. तीन वर्षं बायकोशी अबोला. हवं नको ते फ्रीजवर चिठ्ठी लावून कळवायचे. आल्या आल्या म्हणाले, "मला समजवायच्या भानगडीत पडू नका. मी जन्मभर सरकारी फायली वाचल्यात."

"मग आणखी एक वाचा," बाई म्हणाल्या. "ही शेजारी बसलीये. फक्त शेरा न मारता वाचा."

त्यांची बायको आधी हसली. मग ते स्वतः हसले, आणि मग बाई बोलत राहिल्या. तासाभराने दोघं जिना उतरताना गृहस्थ मागे वळून म्हणत होते, "अगं, हळू. पायरी मोडलीये तिथे."

चहाच्या वेळी बाई घरचं सांगायच्या. "आमच्याकडे वारशात शेत नाही आलं, घर नाही आलं. भाषण आलं." त्यांच्या आजोबांना अक्षरओळख नव्हती. एका सभेला ते गावाहून चालत गेले, उन्हात उभं राहून भाषण ऐकलं, चालत परत आले आणि दुसऱ्या दिवशी मुलीला शाळेत घेऊन गेले. पुढे घराने बौद्ध धम्म स्वीकारला. वडील कारखान्यात नोकरीला लागले. सुट्टी झाली की वस्त्यावस्त्यांतून स्टुलावर उभे राहून बोलायचे. मुली शिकवा, दारू सोडा. "शब्दांनी माणूस उठतो हे मी पुस्तकात नाही वाचलं, अहो," बाई म्हणायच्या. "मी त्याच शब्दांमुळे या खुर्चीवर बसलेय."

मग एक मुलगी आली. कर्वेनगरला राहायची, शिवणकाम करायची. नवरा कुरियरच्या गोदामात. मारतो म्हणून ती माहेरी आली होती. नवरा समोर बसून रडत होता, पुन्हा असं होणार नाही म्हणत होता. ती म्हणाली, "मला परत जायचं नाहीये."

बाई बोलल्या. इतकं सुंदर मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. संसार, चुका, एक संधी. मध्ये मध्ये मुलगी "नाही बाई" म्हणायची, आणि बाईंचं पुढचं वाक्य त्या 'नाही'ला अलगद बाजूला सारायचं. शेवटी तिने होकाराची मान हलवली आणि पिशवी उचलून ती त्याच्यामागून गेली. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जमलं."

तीन आठवड्यांनी मुलीची आई दारात उभी राहिली. जावयाने मुलीला जिन्यावरून ढकललं होतं. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. आई आरडाओरडा करायला आली नव्हती. एवढंच म्हणाली, "ती तुम्हाला नाही म्हणाली होती बाई. तीनदा. पण तुम्ही फार छान बोलता."

ती गेल्यावर बाईंनी त्या दिवसाची वही मागितली. त्यांच्या बोलण्याची दोन पानं होती. मुलीची दीड ओळ.

"हिचं एवढंच?"

"ती एवढंच बोलली, बाई."

"नाही. मी एवढंच बोलू दिलं."

दुसऱ्या दिवशी बाई त्या मायलेकींबरोबर पोलीस चौकीत गेल्या. तडजोड आपण घडवून आणली होती, मुलीचा नकार होता, असा जबाब देऊन आल्या.

त्यानंतर बाईंनी बोलणं कमी केलं. एक प्रश्न विचारायच्या, आणि मग ऐकत बसायच्या. लोक वैतागायचे. "तुम्ही काही बोलणार आहात की आम्ही निघू?" तडजोडी घटल्या, वरून विचारणा झाली. मी एकदा धीर करून म्हणालो, "बाई, पूर्वीसारखं बोला की एकदा." त्या म्हणाल्या, "समोरचा हलतो ना हो, त्याची चटक लागते. मग तो कुठे पडेल ते दिसत नाही."

खटला उभा राहिला तशी मुलीच्या सासरची चार माणसं केंद्रात आली. नवऱ्याचा काका तावातावाने बोलत होता. घराण्याची अब्रू, पोराची नोकरी, तक्रार मागे घे. मुलगी उजवा हात मांडीवर ठेवून बसली होती; प्लास्टर निघालं तरी मनगट वळत नव्हतं. ती बाईंकडे वळली.

"बाई, तुम्ही बोलता का? मला यांच्यासारखं नाही येत."

बाईंचा चेहरा उतरला. "तू सांगशील तेवढंच बोलेन. जास्त एक शब्द नाही."

दोघी आतल्या खोलीत गेल्या. अर्धा तास आतून फक्त मुलीचा आवाज येत होता. बाहेर आल्यावर बाई उभ्या राहूनच बोलल्या. तोच जुना आवाज. कात्री धरता येत नाही म्हणजे काय होतं ते सांगितलं. जिन्यावर पाय वाजले की ती दाराची कडी पुन्हा तपासते ते सांगितलं. एकही वाक्य बाईंचं नव्हतं, आणि तरी ते बाईंशिवाय कुणाला जमलं नसतं. मध्येच थांबून त्यांनी मुलीला विचारलं, "बरोबर?" ती म्हणाली, "एक राहिलं. मी येणार नाही म्हणावं."

"ती येणार नाही," बाई म्हणाल्या.

काका उठला. मग चपला घालून चौघंही निघून गेली. तक्रार राहिली.

पुढे बाई निवृत्त होऊन लेकीकडे नागपूरला गेल्या. फोनवर मी खूप बोलायचो, त्या "मग?" म्हणायच्या. दोन वर्षांपूर्वी त्या तिथेच वारल्या. तेव्हा माझे गुडघे धरले होते, मला शेवटचं जाताही आलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं लिहिलं, पण त्यांचा आवाज कसा होता हे कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही.

परवा संध्याकाळी कर्वेनगरात फिरताना एका कॉलेजातून माइकचा आवाज आला. वक्तृत्व स्पर्धा चालली होती. कुणी मुलगी बोलत होती, आणि फार छान बोलत होती. मी फाटकाशी उभा राहिलो.

"काका, कोणाले शोधून राहिले?" वॉचमनने विचारलं. बोलण्यावरून विदर्भातला वाटला.

"कुणाला नाही. ऐकतोय."

त्याने आपली खुर्ची पुढे सरकवली. मी बसलो. आतली मुलगी एका वाक्याशी थांबली, सभागृह शांत झालं, आणि पुढचं वाक्य बाईंच्या आवाजात येईल याची मी वेड्यासारखी वाट पाहत राहिलो.