वास्कोचा रिकामा फ्लॅट

समजा, तुम्हाला एक खोली रिकामी करायची आहे. दार उघडा. समोर बंद पडलेलं वॉशिंग मशीन. त्यावर सुटकेसी, त्यातल्या एकीचं चाक गेलेलं. त्यामागे व्यायामाची सायकल, जिच्यावर कुणाला घाम गाळताना कुणी पाहिलेलं नाही. माशांची काचेची पेटी, मासे केव्हाच गेलेले. लग्नातल्या आहेराचे कॅसरोल, अजून कागदात गुंडाळलेले. जनेलाला, म्हणजे खिडकीला, टेकवलेला पलंग, त्यामुळे जनेल उघडत नाही. काय ठेवाल, काय टाकाल? थांबा, घाई नको. एक अट राहिली. यातली एकही वस्तू तुमची नाही, आणि ज्याची आहे त्याला विचारल्याशिवाय काहीही हलवायचं नाही.

सर्वणच्या सुमंगलाकाकीपुढे हेच काम होतं. ती खोली तिच्याच घरात, स्वयंपाकघराला लागून, पण ती तिची नव्हती. ती तिच्या धाकट्या दिराची, उल्हासची.

आमच्याकडे पद्धतच आहे. भाऊ वास्कोला जावोत नाहीतर दुबईला, मूळ घरात त्यांच्या नावाची खोली राहते. चवथीला, गणपतीचे पाच दिवस, ती उघडते. बाकीचं वर्ष घरात राहणारे माडीवर दाटीवाटीनं झोपतील, पण त्या खोलीत अंथरूण टाकणार नाहीत. टाकलं तर भावाचा वाटा लाटला म्हणायला गाव तयार. किल्ली मात्र काकीकडेच असे, कारण वर्षभर झाडायला कुणीतरी हवं. वाटा दिराचा आणि कोळिष्टकं वहिनीची, ही वाटणी कुणालाच वावगी वाटली नाही.

उल्हास वास्कोला बंदरात नोकरीला. त्याची बायको स्नेहा फोनवर व्हिडिओ करते. विषय एकच, कमी सामानात सुखी घर. पांढरी भिंत, एक कुंडी, बसायला दोन कदेलं, आणि मधोमध स्नेहा मांडी घालून. "ज्या वस्तूला वर्षभर हात लागला नाही, ती घराबाहेर काढा. मन हलकं होतं." लोक भारावून जातात, डोळे पुसणाऱ्या बाहुल्या पाठवतात. कॅमेरा फिरतो तेव्हा फ्लॅट खरोखरच लखलखीत दिसतो. घराबाहेर काढलेली वस्तू जाते कुठे, हे एकाही शहाण्यानं विचारलेलं नाही.

जाते सर्वणला. दर चवथीला उल्हासची गाडी येते ती मागची सीट आडवी करून. देवासाठी फळांची एक पिशवी, बाकी सगळं नको झालेलं. जाताना त्याच जागेत नारळ, उकडे तांदूळ आणि काकीनं केलेल्या नेवऱ्या. फाइल दुसऱ्याच्या डिस्कवर ढकलली की आपली डिस्क मोकळी दिसते, हे कॉम्प्युटर शिकणाऱ्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. डिलीट काहीच झालेलं नसतं. पण याला साधेपणा म्हणून वर उपदेश करायला वेगळीच बुद्धी लागते.

मग काकीचे गुडघे गेले. डिचोलीच्या डॉक्टरनं सांगितलं, जिना बंद. काकीचं अंथरूण माडीवर. खाली मोकळं काय, तर पडवी, जिथे कुत्रा झोपतो. तिनं उल्हासला फोन केला.

"वयनी, विचारतेस काय? खोली तुझीच गो!"

"आणि सामान?"

"सरकव एका बाजूक. ह्या आयताराला येतो मी."

रविवारामागून रविवार गेले, तो आयतार काही येईना. एकदा साहेबांचा कार्यक्रम, एकदा स्नेहाचं शूटिंग, एकदा गाडी सर्व्हिसिंगला. काकी जिन्याच्या कठड्याला धरून बसत बसत चढायची, बसत बसत उतरायची. तिचा नवरा गोकुळदास हे सगळं पाहत होता. या माणसानं आयुष्यात एकच शब्द कमावला, "बघूया." निवृत्त झाल्यावर त्याला बघायला भरपूर वेळ होता आणि तो खरंच बघत बसला.

"तुम्ही सांगा तुमच्या भावाला," काकी म्हणाली.

"बघूया. चवथीला येईल तेव्हा शांतपणे काढू विषय. उगाच वाईटपणा कशाला?"

श्रावणात एका सकाळी काकी पायरीवरून घसरली. हाड मोडलं नाही, कोपर सोलवटलं. गोकुळदासनं हळद आणून दिली आणि पुन्हा पेपर घेतला. काकीनं कोपराला पट्टी बांधली आणि शेजारच्या गौरेशला हाक मारली. गौरेशकडे पिकअप आहे.

"वास्कोला भाडं आहे. येतोस?"

"येतो काकी. काय न्यायचं?"

"एक संसार."

गौरेश आणि त्याच्या भावानं भरलेली खोली तशीच उपसली. काकी कदेलावर बसून सांगत होती, "ती पेटी जपून रे, काच आहे. दुसऱ्याची वस्तू." एक कॅसरोलसुद्धा तिनं ठेवून घेतला नाही. गोकुळदास दारात आला.

"अगे, हें काय चाललंय? लोक काय म्हणतील?"

"बघूया," काकी म्हणाली, आणि गौरेशचा हात धरून पुढच्या सीटवर चढली.

वास्कोत स्नेहाकडे त्या दिवशी इमारतीतल्या बायका जमल्या होत्या. सतरंजीवर बसून त्या डोळे मिटून श्वास घेत होत्या. दाराची बेल वाजली. दारात वॉशिंग मशीन, त्याच्या दोन बाजूंना दोन दांडगे बाप्ये, आणि मागे लिफ्टमधून बाहेर पडणारी काकी, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून.

"वयनी! हें कितें?"

"तुझं गो. धुवून पुसून आणलंय."

"असं अचानक? फोन तरी करायचा!"

"केला होता ना. आयतारी, आयतारी म्हणून तुमचे आयतार संपले. म्हटलं, आपणच जाऊन येऊ."

व्यायामाची सायकल आली, पलंग आला. बायकांनी डोळे उघडले. एकीनं सतरंजी आवरून सायकलीला वाट करून दिली. दुसरीनं विचारलं, "स्नेहा, हे सगळं तुझं?" स्नेहा म्हणाली, "आमच्या गावच्या घरातलं जुनं सामान आहे हो."

काकी सतरंजीच्या कडेला टेकली होती. तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "गावच्या घरात मासे कोण पाळतं गो, काचेच्या पेटीत? आम्ही मासे ताटात घेतो."

बायका हसल्या. स्नेहा नाही हसली. तिनं उल्हासला फोन लावला, उल्हासनं काकीला. "वयनी, नाक कापलंस माझं."

"नाक कापायला आले नाही रे. खोली मागायला आले होते."

काकी परतली. त्या रात्री ती खाली झोपली, जनेल उघडं टाकून. गोकुळदास माडीवर एकटा. त्यानं बघूया म्हणूनच दिवा मालवला असेल.

आता पुढचा भाग ऐका आणि हात जोडा. दुसऱ्याच दिवशी स्नेहानं भंगारवाल्याला बोलावलं. दुपारपर्यंत सगळं गेलं, कागदात गुंडाळलेले कॅसरोलसुद्धा. आणि तिनं त्याचा व्हिडिओ केला, "आज मी माझा भूतकाळ सोडला." त्याला आजवरच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त लोक लाभले. त्यात सर्वणचं नाव नाही, काकीचं नाही, गुडघ्याचं तर नाहीच.

चवथीला दोघं आली. उल्हासनं फुगलेलं तोंड आरतीपुरतं सरळ केलं. पाहुण्यांनी स्नेहाचं कौतुक केलं, कसं बाई जमलं तुला इतकं सोडायला! ती लाजून म्हणाली, "सोपं असतं हो, एकदा ठरवलं की." दोघं माडीवर झोपली. खोलीचा विषय कुणी काढला नाही, म्हणजे ती आता काकीची. गावही गप्प राहिलं.

विसर्जनाच्या दुपारी काकी खतखत्याच्या भाजीसाठी सुरण चिरत होती. उल्हास पाणी प्यायला आत आला. काकीच्या आवाजात ना राग होता ना टोमणा. तिला खरंच कळत नव्हतं. गोकुळदासला विचारून झालं होतं, त्याचं उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे.

"उल्हास, एक सांग रे. तुम्हाला ते नको होतंच. एका दुपारात टाकलंत, वाईटही वाटलं नाही. मग इतकी वर्षं माझ्याकडे कशाला ठेवलं होतंत?"

"घर मोठं ना वयनी," उल्हास म्हणाला आणि पेला पालथा घालून बाहेर गेला.

काकीनं सुरी पुन्हा सुरणात घातली. मी घराचं माप कुठे विचारलं होतं? टाकायचंच होतं, तर माझ्याकडे का?